अकरा वायसर

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या नात्यागोत्यात दोन पीयूसी अडकल्या होत्या. कर्नाटकात राहणाऱ्या वाचकांना हे कोडं फोडून सांगायला नको. एक पीयूसी म्हणजे आपली अकरावी-बारावी, आणि दुसरी म्हणजे गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र. माझ्या मुलाची पहिली अडकली होती, गणितात. आणि माझ्या मेहुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मालट्रकची दुसरी अडकली होती, काळ्या धुरात. दोघंही एकाच रविवारी ऑटोनगरातल्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये हजर होते. मीही होतो. त्या दिवशी तिथं जे घडलं ते मी आजवर फक्त बायकोला सांगितलं होतं. आज लिहितोय.

आधी मेहुण्याविषयी सांगतो. माझी बायको गोकाककडची, घरची भाषा कन्नड. तिचा धाकटा भाऊ दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजात गेला आणि वीस-बावीस वर्षांत स्वतःचं गॅरेज उभं केलं. लग्न नवीन असताना तो मला ‘भावा’ म्हणायचा आणि मला वाटायचं, वा, काय मोकळा माणूस आहे, थेट भाऊच मानतो! पुढं कळलं की कन्नडमध्ये थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला ‘भाव’च म्हणतात, त्यात मोकळेपणाचा काही संबंध नाही. आमच्यासारख्या दुभाषी घरांत असे गैरसमज पुष्कळ. माझा मुलगा आईशी आणि मामाशी कन्नड बोलतो आणि माझ्याशी मराठी. हे तपशील म्हणून सांगतोय, पण पुढं त्याला अर्थ येणार आहे.

एप्रिलमध्ये बारावीचा निकाल लागला आणि मुलाचं गणित राहिलं. धक्का मार्कांचा नव्हता. धक्का हा होता, की जानेवारीतल्या पूर्वतयारी परीक्षेतही तो गणितात नापास झाला होता आणि ते मला ठाऊकच नव्हतं. त्याच्या आईला होतं. त्यानं तिला कन्नडमध्ये सांगून टाकलं होतं, माझ्यापर्यंत मराठीत काही पोचलं नाही. मी चिडलो. ‘नापास झालास याचं काही नाही, लपवलंस का?’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन! म्हणताना मला ते फार उदार वाटायचं. दहावीला त्याला गणितात ७१ मिळाले तेव्हा मी दोन दिवस घरात धड बोललो नव्हतो, हे मात्र मी सोयीनं विसरलो होतो.

त्या वर्षी कर्नाटकात बारावीच्या तीन परीक्षा होत्या, त्यातली दुसरी त्यानं एप्रिल-मेमध्ये दिली. निकाल यायचा होता. घरात त्याच्याकडं बघवत नव्हतं म्हणून त्याची आई म्हणाली, तेवढे दिवस मामाकडं जाऊ दे. मी ‘हो’ म्हटलं, पण मनातून कुठंतरी लागलं. प्राध्यापकाचा मुलगा गॅरेजात! ज्या बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रींमध्ये रोज लोखंड वितळतं, त्या गावात वीसेक वर्षं शिकवूनही मला हात काळे होण्याची लाज वाटावी, हे लिहितानाही बरं वाटत नाही. पण वाटली, हे खरं.

त्या रविवारी सकाळी मी त्याला डबा द्यायला म्हणून गेलो. खरं कारण म्हणजे तो काय करतो ते बघायचं होतं.

शेडमध्ये एक मध्यम आकाराचा मालट्रक उभा होता, चार सिलिंडरचा, बीएस-४ जमान्यातला. मालक खानापूरकडचा, स्वतःच चालवायचा. रात्री बेळगावात भाजी भरायची, चोर्ला घाट उतरून पहाटे गोव्यात पोचायचं, हा त्याचा नेम. गोव्याच्या स्वयंपाकघरात जी भाजी शिजते तिच्यातली पुष्कळशी आपल्याकडून जाते, हे आपल्याला माहीतच आहे. गाडी माल घेऊन उतरायची ती उताराच्या जोरावर. पण परतताना रिकामी असूनही घाट चढेना. दुसऱ्या गियरवर रडत रडत यायची आणि मागं काळा धूर. त्यातच धुराची तपासणी नापास. मालक सांगत होता, ‘डिझेल खातंय राक्षसावानी, आणि ओढायला म्हातारं.’

मेहुण्यानं आधी एअर फिल्टर बघितला, टर्बोचे पाइप बघितले, कुठं हवा गळतेय का ते बघितलं. मग म्हणाला, ‘मॅनिफोल्ड उतरवूया.’

मला हा शब्द इंग्रजी कवितेतच भेटला होता. मी विचारलं तेव्हा मुलानं समजावलं. इतक्या दिवसांत त्यानं मला काही समजावून सांगण्याची ती पहिली वेळ. डिझेल इंजिनाला जळण लागतं तशी हवाही लागते, पुष्कळ लागते. फिल्टरमधून आलेली हवा टर्बो दाबून पुढं ढकलतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड होऊन येते आणि मग या इनटेक मॅनिफोल्डमध्ये शिरते. हा म्हणजे एक पोकळ ओतीव भाग, एका बाजूला एक तोंड आणि दुसऱ्या बाजूला चार. एका नळातून आलेलं पाणी चार घरांना वाटावं तशी हवा चार सिलिंडरना वाटायचं याचं काम. याच्या वाटा तुंबल्या की इंजिनाला दम लागतो. डिझेल तेवढंच पडतं, हवा कमी पडते, ते अर्धवट जळतं, आणि अर्धवट जळलेलं डिझेल म्हणजे काळा धूर.

‘पण वाटा तुंबतात कशानं? फिल्टर असतो ना?’ मी वर्गातल्या हुशार पोरासारखं विचारलं.

‘बाहेरच्या धुळीनं नाही, बाबा. त्याच्याच धुरानं.’

मग त्यानं ईजीआर दाखवला. सिलिंडरमध्ये फार उष्णता झाली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती फुप्फुसांना वाईट. म्हणून सायलेन्सरकडं निघालेल्या धुरातला थोडा भाग थंड करून परत हवेत मिसळतात. त्यानं ऑक्सिजन कमी होतो, जळण्याची उष्णता उतरते, आणि ती ऑक्साइडं कमी होतात. कल्पना चांगली आहे. पण त्या धुरातली काजळी आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा लगदा होतो आणि आतल्या भिंतींवर थर चढत जातो. तासन् तास गाडी नुसती सुरू ठेवून माल भरणाऱ्यांच्या इंजिनात तो लवकर चढतो. आमचे खानापूरवाले हे ऐकून दुसरीकडं बघू लागले.

त्यांना दुसऱ्या कुणीतरी एक सोपा उपाय सांगितला होता. ईजीआरच्या वाटेला पत्रा मारून ती बंदच करायची, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करायचा. ‘गाडी पळतीया म्हणत्यात. एवीतेवी खोलणारच हाईसा, तर तेवढं करून टाका की.’

मेहुणा नट सोडवतासोडवता म्हणाला, ‘करणारे हाईत. मी करत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम हाय, गाडीत असला बदल करायला बंदी हाय. आणि दुखणं बरं न करता दिवा तेवढा विझवायचा, ते मला जमत नाही.’ मग म्हणाला, ‘रबराचे होज चिरलेत, त्या जागी सिलिकॉनचे घालूया. पॅकिंग कागदाचं हाय, पत्र्याचं घालूया. व्हॉल्व्ह साफ करूया. हवा नीट जाईल, गाडी आपोआप पळंल.’

मग काम सुरू झालं. मी एक रिकामा डबा उलटा करून त्यावर बसलो. मेहुण्यानं पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली आणि गाडीची चावी स्वतःच्या खिशात घातली. सेन्सरचे प्लग एकेक करून सुटले, मुलगा प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढत होता. मॅनिफोल्डच्या अंगावरून डिझेलच्या बारीक पोलादी नळ्या गेल्या होत्या. या नव्या इंजिनात त्यांच्यातला दाब हजार बारच्याही वर जातो, त्यामुळं इंजिन चालू असताना त्यांना हात लावायचा नाही आणि सोडल्यावर एक कणही आत जाऊ द्यायचा नाही. मुलानं प्रत्येक उघड्या तोंडावर प्लास्टिकची छोटी टोपी बसवली. घरी पाण्याची बाटली उघडी टाकून जाणारा मुलगा हाच का, असं मला वाटून गेलं.

मग बारा बोल्ट. तेरा नंबरची गोटी, लांब एक्स्टेन्शन. ते एकदम कडेकडेनं सोडायचे नाहीत, थोडे थोडे, बाहेरून आत. कुठला अडला तर जोर करायचा नाही, तेल सोडून थांबायचं. मेहुणा दोन-दोन मिनिटांनी एकच शब्द म्हणत होता, ‘सावकाश.’ हा शब्द तो कन्नडमध्ये म्हणतोय की मराठीत, हे ठरवता येईना. तो दोन्हीकडं आहे आणि दोन्हीकडं त्याचा अर्थ तोच आहे. प्रत्येक बोल्ट आणि त्याचा स्प्रिंग वायसर एका जुन्या स्टीलच्या ताटात. ते ताट इंजिनाच्या डोक्यावरच ठेवलेलं.

मॅनिफोल्ड सुटला तेव्हा आतलं बघून मी उठून उभा राहिलो. जिथून माझा अंगठा सहज जावा अशा वाटेतून करंगळी जाईना. काळा, चकचकीत, चिकट थर. ‘आता सांगा,’ मेहुणा म्हणाला, ‘असल्या नरड्यानं चोर्ला चढायचा कसा?’

मुलगा तो भाग उचलून कॉस्टिकच्या टाकीकडं निघाला तेव्हा मामानं हाक मारली, ‘अल्युमिनियम हाय रे ते!’ कॉस्टिक सोडा लोखंडावरचा मळ काढतो, पण अल्युमिनियमच खाऊन टाकतो. मुलगा थबकला, म्हणाला, ‘ध्यानात नव्हतं,’ आणि डिझेलच्या ट्रेकडं वळला. एवढंच. कुणी आवाज चढवला नाही. मी असतो तर रसायनशास्त्रात किती मार्क मिळाले होते हे विचारलं असतं.

मॅनिफोल्ड निघाल्यावर सिलिंडर हेडवर चार तोंडं उघडी राहिली, वरच्या अंगाला तिरपी. आत खोलवर व्हॉल्व्ह. मुलानं लाल कापडाचे चार बोळे केले आणि चारही तोंडांत घट्ट बसवले. मग तो हेडवर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडायला लागला. मेहुणा मॅनिफोल्ड घासायला गेला. मी उगीच जवळ जाऊन त्या काळ्या थराला बोट लावून बघितलं. बोट काळं झालं. समोरच लाल फडकं दिसलं, ते ओढलं आणि हात पुसला.

वाचकांच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी मुलाच्या कोपराचा धक्का लागला आणि ताट कलंडलं. बोल्ट, वायसर, सगळं इंजिनावर, खाली, चाकाकडं. मुलगा लगेच ओरडला, ‘मामा, ताट पडलं!’ दोघांनी मिळून सगळं वेचलं. मग मोजदाद. मेहुणा कन्नडमध्ये मोजतो, मुलगा मराठीत. बोल्ट बारा. वायसर मात्र मेहुण्याचे ‘हन्नोंदु’ आणि मुलाचे ‘अकरा.’ पुन्हा मोजले. कुठल्याही भाषेत बारा होईनात.

‘हन्नोंद अदाव. इन्नोंद एल्लि?’ मेहुण्यानं विचारलं.

तेव्हा मुलानं हेडकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तिसऱ्या तोंडात बोळा नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रुपया-दोन रुपयांचा वायसर, पण तो जर त्या तोंडातून आत गेला आणि व्हॉल्व्ह उघडा असेल, तर थेट सिलिंडरमध्ये जातो. इंजिन सुरू केलं की पिस्टन वर येतो आणि मध्ये पोलाद. व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनला खड्डा पडतो, हेड जातं. भाजीच्या गाडीच्या मालकाची कित्येक महिन्यांची कमाई एका मिनिटात. आणि नवा वायसर घालून गप्प बसलं, तर गाडी सुरू होईपर्यंत कुणाला कळणारही नाही.

मुलगा म्हणाला, ‘नंद तप्पात, मामा. ताट माझ्या धक्क्यानं पडलं. आणि तिसरा बोळा बसवायचा मीच विसरलो असणार.’

मेहुण्यानं एक कडक शिवी हासडली. ती इथं छापता येणार नाही. पण ती संपल्यावर लगेच, त्याच श्वासात, कामाची गोष्ट सुरू झाली, ‘इंजिन हलवायचं नाही कुणी. आधी जमीन बघ. चुंबक आण.’ दोघं गाडीखाली गेले. खानापूरवालेही वाकून शोधू लागले.

मी मदत म्हणून हातातला मोबाइल खिशात ठेवायला गेलो, आणि खिशात काहीतरी मऊ लागलं. रुमाल डाव्या खिशात असतो. हा उजवा होता. मी न काढताच ओळखलं.

त्या वेळी मी ताबडतोब बोलायला हवं होतं. बोललो नाही. का, याची कारणं त्या क्षणी डोक्यात भराभर आली, आणि सगळी अगदी पटण्याजोगी होती. वायसर जमिनीवरच सापडेल, मग उगीच कशाला? मेहुण्यासमोर, गाडीच्या मालकासमोर, ‘सर’ म्हणवून घेणाऱ्या माणसानं असलं कसं सांगायचं? मुलानं तर स्वतःवर घेतलंच आहे, नंतर घरी गेल्यावर त्याला एकट्याला सांगू. मी घड्याळ बघितलं नाही, पण निदान दहा मिनिटं गेली असतील. माझा मुलगा पोटावर पडून, शर्ट ऑइलनं भिजवत, स्वतः न केलेल्या चुकीची शिक्षा भोगत होता आणि मी खिशात हात घालून उभा होतो. परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलांना मी आजवर किती भाषणं दिली आहेत, त्यांचा हिशेब त्या दहा मिनिटांत कुणीतरी मागत होतं.

मुलगा गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, ‘नाही सापडत. खरंच मी विसरलो का रे मामा, मला तर चार बसवल्यासारखे वाटतात.’ त्याला स्वतःच्या आठवणीवरच शंका यायला लागली होती. तेव्हा मात्र राहवेना. मी फडकं बाहेर काढलं आणि म्हणालो, ‘तू चारच बसवले होतेस. एक मी काढला. हात पुसायला.’

मला वाटलं, आता शांतता पसरेल, सगळे माझ्याकडं बघतील. तसं काही झालं नाही. मेहुण्यानं फक्त विचारलं, ‘कवा काढलासा भावा? ताट सांडायच्या आधी का मागनं?’

‘आधी.’

‘मग जमिनीवर कशाला हुडकायचं? आतच असणार. कॅमेरा आण रे.’

बस्स. माझ्या कबुलीचा एवढाच उपयोग होता आणि तो फार मोठा होता. मी जर ताट सांडल्यावर बोळा काढला असता, तर वायसर आत जाणं शक्यच नव्हतं. आधी काढला होता, म्हणून आत बघायला हवं होतं. माझी चूक त्यांच्या दृष्टीनं माझा स्वभाव नव्हती, माझी इभ्रत नव्हती. ती एक माहिती होती, आणि दहा मिनिटं मी ती दाबून ठेवल्यामुळं तीन माणसं चुकीच्या जागी शोधत होती. मुलानं एकदा माझ्याकडं पाहिलं. रागावलेला दिसला नाही. मग तो कॅमेरा आणायला गेला.

हल्ली मोबाइलला जोडायचा नळीसारखा बारीक कॅमेरा मिळतो. तो तिसऱ्या तोंडातून आत सोडला. पडद्यावर काजळी, काजळी, आणि मग वळणाच्या तळाशी, मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर, वायसर. नवलाची गोष्ट अशी की तो अगदी निवांत बसला होता. मालकानं कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं.

काढणंही सोपं नव्हतं. चुंबकाची कांडी आत घातली की ती वायसरऐवजी भिंतीलाच चिकटायची, कारण हेड बिडाचं. दोनदा, तीनदा. तेव्हा मुलानंच सुचवलं, कांडीवर प्लास्टिकची नळी चढवूया, टोक तेवढं उघडं ठेवूया. काच धुण्याच्या पाण्याची एक जुनी नळी कापली, ती चढवली, आणि मामा कॅमेरा धरून ‘स्वल्प एडक्क... सावकाश...’ म्हणत असताना त्यानं वायसर वर आणला. ताटात ‘टण्’ असा आवाज झाला. मेहुणा म्हणाला, ‘हन्नेरडु.’ मुलगा म्हणाला, ‘बारा.’

पुढचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. चारही तोंडांत पुन्हा कॅमेरा घालून बघितलं. मॅनिफोल्ड आतून लख्ख झाला होता. नवं पॅकिंग, नवे होज, धुतलेला ईजीआर व्हॉल्व्ह. बोल्ट आवळताना मधून बाहेर जायचं आणि टॉर्क पाना वापरायचा. अल्युमिनियमच्या भागाला आठ मिलिमीटरचा बोल्ट वीस-पंचवीस न्यूटन-मीटरच्या वर आवळायचं कारण नाही. ठरलेल्या जोरावर पाना ‘कट्’ करतो, तिथं थांबायचं. मेहुण्यानं पाना माझ्या हातात दिला, ‘एक तुम्ही करा, भावा.’ मी एक आवळला. पाना ‘कट्’ म्हणाला तरी मी थोडं आणखी ओढणार होतो. मुलानं हात धरला, ‘बस, बाबा. अजून ओढलं की आटे जातात.’

हातपंपानं डिझेल भरून आतली हवा काढली, बॅटरी जोडली, खिशातली चावी निघाली. सेल्फ मारल्यावर दोन-तीन झटके, आणि इंजिन सुरू झालं. आधी थोडा धूर आला, मग थांबला. मालक एक फेरी मारून आला तेव्हा हसत होता. रात्री त्याला भाजी भरायची होती.

चहा पिताना मी मेहुण्याला विचारलं, ‘तुझ्याकडं पोरं चूक लगेच सांगतात. आमच्याकडं का सांगत नाहीत?’ तो काही तत्त्वज्ञ नाही. म्हणाला, ‘हितं सांगितलं तर एक शिवी. लपवलं तर इंजिन जातंय, आणि पोरगं घरला. पोरांना हिशेब कळतोय.’

घरी मी शिव्या देत नाही, याचा मला अभिमान होता. पण मी देतो ते त्याहून लांबत जातं. एक चूक घेऊन मी तीन वर्षांमागची उकरतो, त्यातून स्वभाव काढतो, स्वभावातून भवितव्य काढतो. शिवी एका श्वासात संपते आणि लगेच काम सुरू होतं. माझं संपतच नाही, आणि कामही सुरू होत नाही. जानेवारीत पोरानं पूर्वपरीक्षेचा पेपर मला दाखवला असता, तर मी ‘कुठला धडा समजला नाही?’ असं विचारलं असतं का? मेहुण्यानं मला विचारलं तसं, ‘आधी का नंतर?’ इतक्या साध्या आवाजात? मला खात्री वाटत नाही. फेब्रुवारीत शिकवणी लावता आली असती. ती माहिती माझ्यापर्यंत आलीच नाही, कारण माहिती येण्याच्या वाटेवर मीच थर चढवून ठेवला होता.

परत येताना मुलगा स्कूटरवर मागं बसला होता. दोघांच्याही कपड्यांना डिझेलचा वास. किल्ल्याच्या तलावापाशी गर्दीत थांबलो तेव्हा तो मागून म्हणाला, ‘बाबा, एक सांगायचंय.’

‘सांग.’

‘दुसऱ्या परीक्षेत पण इंटिग्रेशनचे दोन मोठे प्रश्न सोडले मी. निकालात काय होईल माहीत नाही.’

मराठीत सांगितलं. मला सांगितलं. निकालाच्या आधी सांगितलं. माझ्या तोंडात नेहमीची वाक्यं तयार होती, अगदी ओळीनं. ती गिळायला मला पुढची गाडी हलेपर्यंतचा वेळ लागला. मग मी विचारलं, ‘ते दोन येत नव्हते, की वेळ पुरला नाही?’

‘येत नव्हते.’

‘बरं. मग तिसऱ्या परीक्षेला लागलंच तर आधी तेवढंच धरूया.’

तो काही बोलला नाही. पण घरी पोचेपर्यंत त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तो काळा होता आणि शर्ट पांढरा. आईनं दारातच विचारलं, ‘एनात री?’ आम्ही दोघंही म्हणालो, ‘काही नाही.’ रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘होगली बिडरी,’ आणि शर्ट भिजत घातला. डाग गेला नाही.

त्या निकालाचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. तो त्याचा आहे, सांगायचा असेल तर तो सांगेल. गाडीची पीयूसी मात्र दुसऱ्याच आठवड्यात पास झाली. मालकानं गोव्याहून येताना मेहुण्याला एक फणस आणून दिला, त्यातला अर्धा आमच्याकडं आला.

ते लाल फडकं मी परत दिलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. पेपर तपासायला बसलो की कधीकधी हाताला लागतं.